शेजार सुटला, भाव ठरला

अमेरिकेत कॉलेजांचे संघ शेजारच्या कॉलेजांशी गट करून खेळत; त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉलचे सामने दूरचित्रवाणीला विकण्याची मध्यवर्ती संस्थेची मक्तेदारी मोडली. तेव्हापासून जो तो आपला भाव पाहू लागला. २०२२ साली ‘बिग टेन’ने सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरांहून अधिकचा करार केला. २०२४ साली लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठे तिकडे गेली, म्हणजे खंडाच्या दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीच्या पंगतीला! (‘टेन’मध्ये आता अठरा आहेत.) मागे ‘पॅक-१२’मध्ये उरली दोन.

आम्ही युनियनवाले, घाम गाळणाऱ्याला कोणी विचारले काय, हे आम्ही आधी पाहतो. डार्टमथच्या बास्केटबॉल खेळाडूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियन पत्करली. कॉलेज वाटाघाटीला बसले नाही. वर्षअखेर युनियनने अर्ज मागे घेतला.