वाघाटी की बिबट्या?

निपाणीकडे ऊसतोड सुरू झाली, की वेदगंगेकाठचे फड मोकळे होऊ लागतात. अशा वेळी पाचटात ठिपकेदार पिल्ले दिसली, तर 'बिबट्या!' अशी ओरड होणे साहजिक आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये खुद्द बेळगाव शहरात बिबट्या शिरल्याने शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. तेव्हा हे भय अगदीच निराधार नव्हे. परंतु उसाच्या आडोशाला पिल्ले घालणारे आणखी एक ठिपकेदार जनावर आहे, ते म्हणजे वाघाटी.

जगातील सर्वांत लहान रानमांजरांत हिची गणना होते. पूर्ण वाढलेली वाघाटीही दीड किलोच्या आसपासच भरते. घरची मांजरी तिच्याहून थोराड! तिच्या अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके असतात, शेपटीवर मात्र नसतात. खरा घोटाळा होतो तो पिल्लांमुळे, कारण त्यांच्या अंगावर तांबूस नव्हे, तर काळसर ठिपक्यांच्या रांगा असतात. अशा वेळी आकारमान पाहावे, तेही दुरूनच. डोळे न उघडलेला बिबट्याचा बछडा सुमारे अर्धा किलो वजनाचा व जाड पंजांचा असतो. त्याच वयाचे वाघाटीचे पिल्लू मुठीत मावेल.

ओळख पटो वा न पटो, पिल्लांस हात लावू नये. बिबट्याची मादी जवळपास असू शकते. आणि वाघाटीची पिल्ले घरी नेऊन दूध पाजण्याची हौस त्यांच्या जिवावर बेतते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांनाही संरक्षण दिलेले आहे. तेवढ्या भागातील तोड थांबवून वनखात्यास कळवावे. आसपास माणसांची वर्दळ नसेल, तर मादी बहुधा रात्री येऊन पिल्ले तोंडात धरून घेऊन जाते.