ढेकीचा आंस

गोंदिया जिल्हा म्हणजे धानाचा मुलूख. यंत्राच्या गिरण्या येण्यापूर्वीं अशा मुलखांत धान कांडावयास ढेकी असे: आंसावर तोललेली लांब तुळई, एका टोकास मुसळ, दुसऱ्या टोकावर पाय.

समजा, 2.4 मीटर लांबीच्या, सर्वत्र सारख्या तुळईचें वजन 20 किलो असून आंस पायाकडील टोकापासून 60 सेंटिमीटरांवर आहे. मुसळाचें वजन सोडून देऊं. गुरुत्वमध्य आंसापलीकडे तितकाच दूर पडतो. म्हणून तुळई आडवी तोलून धरण्यास पायानेंहि 20 किलोचा दाब द्यावा लागतो. मग आंसावर भार किती? 20 नव्हे, 40 किलो. आणि तितक्याच जोरानें आंस तुळईस वर रेटतो.

आतां पाय काढला. आंसाचा रेटा 20 वर न थांबतां एकदम सुमारें 11 किलोंवर येतो! कारण गुरुत्वमध्य खालीं धांवूं लागतो. वजनाचा जो अंश त्यास वेग देण्यांत खर्च होतो, तो आंसावर पडत नाहीं.

हा रेटा आंसांतूनच जात असल्यामुळें त्याचें फिरविण्याचें सामर्थ्य शून्य; म्हणून हिशेबांत तो सहज विसरला जातो. परंतु दर खेपेस हा चढउतार सोसतो तो आंसच. सुतार तो जाडजूड घालतो, तो एकट्या तुळईसाठीं नव्हे; तिला उचलणाऱ्या पावलासाठींहि.