फाट्यावर उतरा, पुढे चालत

मळवली स्टेशनातून भाजे गावाकडे चालायला लागलं की थोड्याच वेळात एक पूल येतो. पुलाखालून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी इथे दोन मिनिटं थांबून खाली बघावं. लोणावळ्याच्या दिशेने तुंबलेल्या गाड्यांमध्ये असे किती तरी असतात, ज्यांना आपल्यासारखंच लोहगडावर जायचंय. आपण लोकलमधून उतरून, स्टेशनाबाहेर चहा पिऊन त्यांच्या डोक्यावरून चाललोय. तरीही ‘गाडी असल्याशिवाय ट्रेक होत नाही’ हे वाक्य मला दर महिन्याला कुणी ना कुणी ऐकवतंच.

‘किल्ले आडबाजूला असतात, तिथे बस-रेल्वे कुठली?’

हा समज मुळातच उलटा आहे. सह्याद्रीतले बरेचसे किल्ले आडबाजूला नव्हे, तर रहदारीवर नजर ठेवायला बांधलेले आहेत. कोकणातून घाटावर माल चढायचा तो ठरावीक खिंडींतून आणि त्या खिंडीच्या डोक्यावर किल्ला असायचा. लोहगड, विसापूर आणि राजमाची ही बोरघाटावरची राखण. १८६३ साली रेल्वे घाट चढली ती याच बोरघाटातून. डोंगराने वाट दिली तिथूनच बैलांचे तांडे गेले, तिथूनच रूळ गेले. म्हणून लोकलच्या खिडकीतून किल्ले दिसतात. कर्जतच्या वाटेवर वांगणीजवळ चंदेरी, नेरळला पेब, कसाऱ्याच्या वाटेवर आसनगावला माहुली. पुणेकरांना तर एवढंही करावं लागत नाही, स्वारगेटहून पीएमपीच्या बसने सिंहगडाच्या पायथ्याशी उतरता येतं.

मळवलीचंच बघा. मुंबईहून येणाऱ्याने लोणावळ्याला उतरून पुण्याची लोकल धरायची, पुढचंच स्टेशन. मग भाजे गाव, वर इसवीसनाच्या आधी कोरलेली लेणी, तिथून गायमुख खिंड. खिंडीच्या एका हाताला विसापूर, दुसऱ्या हाताला लोहगड. लेणी, गड आणि परत मळवली हा अख्खा दिवस पायी होतो, आणि मध्ये एकदाही ‘गाडी कुठे लावू’ हा प्रश्न येत नाही. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत लोहगड आहे. लोकलच्या स्टेशनावरून चालत जाता येईल असा तेवढा एकच, असं मी तरी म्हणेन.

‘बसने गेलं की निम्मा ट्रेक पाहायचा राहतो’

माझा अनुभव नेमका उलटा आहे. गाडी घेऊन गेलात की ती तुमच्या पायात दावं बांधते. जिथे लावली तिथेच परत यायचं, म्हणजे चढलात तीच वाट उतरायची. एसटीवाल्याला हे बंधन नाही. लोणावळ्याहून राजमाचीला चालत गेलात (ही वाट चांगली पंधरा किलोमीटरची आहे, पहाटे निघा), तर पलीकडे कोंढाणे लेण्यांकडे उतरून कोंदिवड्याला टमटम धरायची आणि कर्जतला लोकल. सकाळी घाटमाथ्यावर, संध्याकाळी कोकणात. गाडीवाल्याला हे करायचं तर एक ड्रायव्हर कर्जतला बसवून ठेवावा लागेल.

याहून देखणी वाट नाणेघाटाची. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारी एसटी पकडायची आणि कंडक्टरला आधीच सांगून ठेवायचं, ‘मास्तर, वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाच्या वाटेवर सोडा.’ मास्तर दोरी ओढतो, बस रस्त्याच्या कडेला थांबते आणि दार लागून निघून जाते. मग एकदम शांतता. चढून गेलात की गुहेत सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख, नागनिका राणीचा. त्यात दानाचे आकडे कोरलेले आहेत, आपल्या अंकांच्या इतिहासात त्यांना मोठं स्थान आहे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात पडायची असं सांगतात. पुढे घाटघर गावातून जुन्नरची एसटी मिळते, तिथे फेऱ्या मोजक्याच असल्याने वेळ आधी विचारून ठेवावी. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून जुन्नरला जाणारा व्यापारीही दोन हजार वर्षांपूर्वी असाच एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला निघून जायचा.

‘स्टेशनाजवळचा किल्ला म्हणजे सोपा’

हा गैरसमज मात्र जिवावर बेततो. चंदेरी वांगणीहून दिसतो सुरेख, पण वरचा टप्पा निसरडा आणि उघडा आहे, नवख्याने एकट्याने तिकडे जाऊ नये. उंचीचा आकडाही फसवा असतो. लोहगड समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आणि माहुली साधारण साडेआठशे. म्हणजे माहुली सोपा? नाही. मळवली घाटावर आहे, तिथेच तुम्ही सहाशे मीटरच्या आसपास असता आणि ती चढण रेल्वेने केलेली असते. आसनगाव कोकणात आहे. तिथून माहुलीची जवळजवळ सगळी उंची आपल्याच पायांनी कमवायची, शिवाय स्टेशन ते पायथ्याचं गाव हे अंतर वेगळं. रिक्षावाल्याशी परतीचं आधीच बोलून ठेवा, उतरल्यावर डांबरी रस्त्याने पाय ओढत चालायला कुणालाच आवडत नाही.

‘ट्रेक म्हणजे पावसाळा’

पावसाळ्यात डोंगर हिरवे असतात आणि गर्दीही तिथेच असते. दरडी पडतात, घाटात गाड्या उशिरा धावतात, नेरळ-माथेरानची छोटी गाडी पावसाळ्यात नेरळहून वर जात नाही. माझ्या मते खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जूनमध्ये मुंबई-पुण्याकडे सव्वासातपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात सहालाच सूर्य मावळतो. तासाभराहून जास्त उजेड कमी, शेवटची एसटी मात्र त्याच वेळेला.

‘वेळा मोबाइलवर बघून निघालं की झालं’

मोबाइलवर शहरातल्या बसच्या वेळा मिळतात. खेड्यातल्या एसटीचं खरं वेळापत्रक आगाराच्या चौकशी खिडकीत आणि फाट्यावरच्या टपरीत असतं. तिथे विचारायचं ते जायच्या गाडीचं नव्हे, शेवटच्या परतीच्या गाडीचं. संध्याकाळी गावात येणारी गाडी कधी कधी मुक्कामी असते, म्हणजे ती रात्री तिथेच झोपते आणि सकाळी निघते. समोर लाल परी उभी बघून तुम्ही हायसे होता आणि ड्रायव्हर चटई अंथरत असतो. रविवारी मुंबईच्या लोकलवर मेगाब्लॉक असतो, तो शनिवारीच बघून ठेवावा. पुणे-लोणावळा लोकल दुपारी कमी असतात. स्वस्ताईबद्दल मात्र लोकांचा अंदाज खराच आहे. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच्या वर्षापासून मोफत प्रवास आहे. आमच्या गटातल्या काकू दर वेळी तिकीट हातात आलं की ते उलटसुलट करून बघतात.

खेड्यातल्या फेऱ्या कुणासाठी असतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं. एकदा दिवाळीच्या दिवसांत आम्ही चौघं एक गड उतरून पाचच्या गाडीसाठी फाट्यावर उभे राहिलो. दोन आठवड्यांपूर्वी त्याच गाडीने आलो होतो, म्हणून कुणालाच विचारलं नव्हतं. साडेपाच झाले, सहा वाजले. शेजारच्या ओट्यावर एक आजी वाल निवडत बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी आमची गंमत बघितली असावी.

‘कुठली गाडी बघताय रं पोरांनो?’

‘पाचची, आजी.’

‘ती शाळंची हाय. पोरं आणायला येती. शाळा सुटल्यात की.’

दुधाचा टेम्पो सातला जातो, तोच तुम्हाला नेईल, असंही त्यांनीच सांगितलं. अंधारात कॅनांच्या मध्ये बसायची तयारी करताना मी विचारलं, मग पाचची गाडी पुन्हा कधी सुरू होणार?

आजींनी सुपातला एक खडा बाजूला टाकला. ‘तुळशीचं लगीन झालं की.’