चित्रपुस्तकातलं पोर आपलं कधी वाटतं?

मुलांसाठी चित्रपुस्तक लिहायला बसलं की पहिला मोह होतो तो गुणी मूल रंगवण्याचा. एक सोनू असतो. तो वेळेवर दात घासतो, सगळ्या भाज्या खातो, झाडं लावतो. मोठ्यांना हा सोनू फार आवडतो. मुलं मात्र दुसऱ्या पानावर उठून जातात. सोनूला स्वतःला काहीच नको असतं ना! जे काही हवं असतं ते लेखकाला.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. नोकरी हैदराबादला, घर नेरडीगोंड्याला. आदिलाबाद जिल्ह्यातलं हे गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. आमच्याकडे घरात मराठी, दुकानात तेलुगू, आणि बाजारात गोंडी, लंबाडी, दख्खनी असं सगळंच कानावर पडतं. जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा अजून आहेत, पण आमच्या घरातली मुलं इंग्रजी शाळेत जातात. माझ्या पाच वर्षांच्या पुतणीशी आजी मराठीत बोलते आणि ती उत्तर देते तेलुगूत. मराठी ही तिच्या लेखी नुसती आजीची भाषा होऊन राहू नये, म्हणून मी तिच्यासाठी चित्रगोष्टी लिहायला लागलो.

त्याआधी दुसऱ्यांनी हे कसं केलंय ते बघितलं. मराठीत या बाबतीत माधुरी पुरंदरे यांच्याकडेच जावं लागतं. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ मध्ये मिळाला. त्या लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. त्यांच्या ‘राधाचं घर’मध्ये घटना अशा फार नाहीत. घरातली माणसं आहेत आणि त्यांच्याकडे बघणारी छोटी राधा आहे. ‘बाबांच्या मिशा’मधल्या अनूला तर मिशांचंच वेड. आता मिशांचं वेड ही काय ‘सर्वसामान्य’ गोष्ट आहे? पण मुलांना अनू पटते. प्रत्येक मुलाला असलं काहीतरी विचित्र वेड असतंच. आमच्या पुतणीला बाटल्यांची झाकणं जमवायचं आहे.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चित्रपुस्तकातला नव्हे, पण तोही आठवतो. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश ‘ट्टॉक’ करतो आणि लगेच ओळखू येतो. गावाचं नाव, एक लकब आणि कुठेही नाक खुपसायची हौस, एवढ्यावर तो उभा राहतो. ‘एक शूर मुलगा होता’ असं लिहून ते साधलं नसतं.

मग प्रश्न येतो की मूल आपल्यासारखं दिसायलाच हवं का? १९६२ साली अमेरिकेत एझ्रा जॅक कीट्स यांचं ‘द स्नोई डे’ आलं. लाल कोट घातलेला पीटर नावाचा कृष्णवर्णीय मुलगा बर्फात खेळतो. कीट्सनी १९४० मध्ये एका मासिकातून एका लहान मुलाचे फोटो कापून ठेवले होते. दोन दशकांनी त्यातून पीटर झाला. हे पुस्तक वाचल्यावर वर्गातली कृष्णवर्णीय मुलं स्वतःचं चित्र तपकिरी खडूने रंगवायला लागली, असं एका शिक्षिकेनं त्यांना कळवलं होतं. म्हणजे दिसणं महत्त्वाचं आहेच. पण याच पुस्तकात पीटर बर्फाचा गोळा खिशात ठेवून घरी आणतो आणि नंतर खिसा रिकामा निघतो. आमच्या पुतणीनं बर्फ पाहिलाय तो फ्रीजमधलाच. तरी त्या पानावर ती हळहळली. आवडलेली वस्तू उद्यासाठी लपवून ठेवणं तिला चांगलंच ठाऊक आहे.

हे दोन्ही धरून मी लिहितोय. माझी मंजी आजीबरोबर कुंटाला धबधबा बघायला जाते. हा धबधबा आमच्याच मंडलात आहे, कडेम नदीवरचा. खाली उतरायला भरपूर पायऱ्या आहेत. मोठ्यांना धबधबा बघायचा असतो, मंजीला पायऱ्या मोजायच्या असतात. मंजी सावळी की गोरी, वेण्या किती, हे मी कुठेच लिहीत नाही. ते काम चित्राचं. चित्रकार मैत्रीण पुण्याची आहे, म्हणून तिला इथल्या घरांचे, बाजाराचे, आजीच्या लुगड्याचे फोटो पाठवले. पहिल्या कच्च्या चित्रात मंजी फार नीटनेटकी होती. आम्ही तिची एक चप्पल तिच्या हातात दिली आणि ती एकदम ओळखीची झाली.

खरा वाद झाला तो भाषेवरून. मंजी आठ, नऊ, दहापर्यंत मराठीत मोजते आणि पुढे ‘पदकोंडू’ म्हणते. तेलुगूतले अकरा. आमच्या घरातली पोरं अशीच मोजतात. बाबांनी वाचलं आणि म्हणाले, “अरे, पुस्तकात तरी नीट मराठी येऊ दे. उद्या तेच शिकेल ती.”

बाबांच्या काळजीत तथ्य आहे. पण मंजी घडाघडा शंभरपर्यंत मराठीत मोजायला लागली, तर ती आमच्या सोनूच्या पंगतीत जाऊन बसेल. आणि जिला मराठीत दहाच्या पुढे येत नाही तिनं या पुस्तकात स्वतःला शोधायचं कुठे? शेवटी मी ‘पदकोंडू’ ठेवलं. फक्त त्याच पायरीवर मागून येणारी आजी, गुडघ्यावर हात ठेवून, स्वतःशीच ‘अकरा’ म्हणते. कुणी कुणाला सुधारत नाही.

मागच्या शनिवारी पुतणीला वाचून दाखवलं. दुसऱ्या वाचनाला ‘पदकोंडू’ आलं तशी ती हसली आणि आजीच्या आधीच ‘अकरा’ म्हणाली. बाराला अडखळली. मग विचारलं, “काका, मंजीची दुसरी चप्पल कुठंय?”

ते मला अजून ठरवायचंय.