दोर, राजीखुशी आणि काही रूढ गैरसमज

प्रौढ माणसे परस्परांच्या राजीखुशीने एकमेकांस दोराने बांधतात आणि त्यातून त्यांना जवळीक, रंजन किंवा मनाची विश्रांती लाभते, हे ऐकताच आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थही दोनच अनुमाने काढतो : एक तर हा मनाचा रोग असावा, नाही तर हा जुलमाचा प्रकार असावा. खामगाव-मेहकरसारख्या गावांत या विषयाची उघड वाच्यता होण्याचा संभव नसल्यामुळे ही अनुमाने कोणी तपासून पाहत नाही, आणि ज्या थोड्यांना ही आवड आहे त्यांना मोबाईलवरील अर्धवट चित्रांखेरीज दुसरा गुरू उरत नाही.

पहिल्या अनुमानाचा निकाल थोडक्यात लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, तीतून परस्परसंमतीच्या अशा वर्तनाला लावलेली जुनी रोगनामे वगळली आहेत. संमती नसलेल्यावर लादलेली क्रूरता मात्र विकारांतच राहिली आहे. हे सारे पाश्चात्त्य फॅड आहे, हाही समज कच्चाच. या कलेचे आजचे रूप मुख्यतः जपानी असून, कैद्यांना बांधण्याची तेथील जुनी विद्या आणि इतो सेइयू (१८८२–१९६१) या चित्रकाराची चित्रे यांच्याशी तिचे नाते सांगितले जाते.

दुसरे अनुमान अधिक आदरास पात्र आहे, कारण त्याच्या मुळाशी खरे भय आहे. बांधून घेणारी व्यक्ती आपली इच्छाच दुसऱ्याच्या स्वाधीन करते आणि एकदा हो म्हटल्यावर तिने मुकाट सोसावे, असा समज बाहेरच्यांप्रमाणे कित्येक हौशी मंडळींचाही असतो. परंतु संमती म्हणजे मुखत्यारपत्र नव्हे. ती त्या वेळेपुरती, त्या कृतीपुरती आणि केव्हाही परत घेण्याजोगी असते. हा भेद समजण्यासाठी विदर्भाला जपानकडे जाण्याचे कारण नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला; अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, अशा कारणांनी सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले; आणि १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुले पत्र लिहून, शरण जाणे आणि संमती देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे न्यायालयाला सुनावले. १९८३ ची कायदादुरुस्ती या निकालावर उसळलेल्या प्रक्षोभातून आली. जेथे दोर हाच खेळाचा विषय, तेथे हा भेद इतर कोठल्याहीपेक्षा दक्षतेने पाळावा लागतो, हे उघड आहे.

म्हणून जाणती मंडळी पहिली भेट चहाच्या हॉटेलात, दोराशिवाय घेतात. काय चालेल, काय मुळीच चालणार नाही, खांद्याचे जुने दुखणे आहे काय, थांबण्याचा शब्द कोणता, शब्द फुटेनासा झाला तर हातातली कोणती वस्तू खाली टाकायची, हे आधी ठरते. गळ्याभोवती दोर नाही, नशा नाही, बांधलेल्याला क्षणभरही एकटे सोडणे नाही, आणि बोथट टोकाची कात्री हाताशी. दंडाच्या बाहेरच्या बाजूस दाब पडला तर तेथील मज्जातंतू दबून मनगट लुळे पडू शकते. सबब मुंग्या आल्या किंवा बोटे उचलेनात, की गाठीच्या सौंदर्याचा विचार न करता दोर तत्काळ सोडावा किंवा कापावा.

कायद्याने हे सर्रास मना आहे, असेही नाही आणि संमती असली की सर्व माफ, असेही नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ प्रमाणे अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीचा बचाव मिळतो, पण मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवण्याचा हेतू वा तशी जाणीव असल्यास तो संपतो. आणि कलम २८ प्रमाणे भीतीपोटी दिलेली संमती, ती भीतीपोटी असल्याचे समोरच्याला ठाऊक असता, संमतीच ठरत नाही.

अशा हौशी मंडळींचा एखादा गट स्वतःस ‘सर्वांना खुला’ म्हणवतो, तेव्हा त्या शब्दांचा अर्थही लोक मुक्तद्वार असा करतात. जात, लिंग, वैवाहिक स्थिती, अपंगत्व यांवरून कोणास नाकारू नये, पुरुषानेच बांधावे आणि स्त्रीने बांधून घ्यावे असे गृहीत धरू नये, एवढाच त्याचा अर्थ. अज्ञान वयाचा आणि नकार न ऐकणारा, हे दोघे बाहेरच. तालुक्याच्या गावी तर एका छायाचित्राने नोकरी आणि सोयरीक दोन्ही जातात, त्यामुळे कॅमेरा वर्ज्य आणि खरे नाव सांगणे ऐच्छिक ठेवावे लागते.

सर्वांत घातक गैरसमज मात्र हा, की जो गाठीत निष्णात तो वर्तनातही निर्दोष. गटाच्या प्रमुखाविरुद्ध फिर्याद आली म्हणजे ‘तू गेलीसच कशाला?’ हा प्रश्न आधी निघतो. दोष बाईच्याच माथी मारण्याच्या याच रिवाजावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून झोड उठवली होती. तक्रार ऐकणारी माणसे प्रमुखाच्या मर्जीतली नसावीत, आणि गुन्हा घडला असेल तर गटातली चौकशी पोलिसांतील फिर्यादीच्या आड येऊ नये. नवख्याने कोठल्याही गटात पाऊल ठेवण्यापूर्वी एवढेच विचारावे : तुमच्या प्रमुखाविरुद्ध तक्रार कोणाकडे करायची? उत्तर मिळाले नाही, तर तेथे जाऊ नये.