रस्ता तेवीस नंबरला आहे का?

पावसाळ्यात वस्तीवरच्या रस्त्याला खड्डा पडला की गावात सगळ्यात आधी सरपंचाला धरतात. तो रस्ता सरपंचाच्या अखत्यारीत येतो का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. तालुक्याहून एसटीने निघून आपल्या दारात पोचेपर्यंत माणूस तीन वेगवेगळ्या यंत्रणांच्या रस्त्यांवरून आलेला असतो. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग, म्हणजे कागदोपत्री ‘इजिमा’ आणि ‘ग्रामा’, जिल्हा परिषदेकडे. ग्रामपंचायतीच्या वाट्याला येतात त्या गावातल्या गल्ल्या, आळ्या, देवळापासून शाळेपर्यंतचा रस्ता, वाड्या-वस्त्यांतले अंतर्गत रस्ते. शेताकडे जाणारी वहिवाटीची पाणंद कुणी नांगरून टाकली, तर दाद मागायची तहसीलदाराकडे. त्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आजही लागू आहे, आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. गावकीत समजुतीने मिटेल म्हणून वाट पाहण्यात ही मुदत निघून जाते आणि मग शेतकऱ्याच्या हाती नुसता संताप उरतो.

महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. १९५८ च्या अधिनियमाने त्यांच्यावर रस्ते, गटारं, दिवाबत्ती, पिण्याचं पाणी, जन्ममृत्यूच्या नोंदी असा मोठा पसारा टाकला. हा सगळा पसारा चालतो दप्तरावर. २०११ च्या लेखा संहितेने ग्रामपंचायतीला ३३ नमुने घालून दिले आहेत आणि कार्यालयात त्यांना नुसत्या आकड्यांनी ओळखतात: आठ नंबर, नऊ नंबर, तेवीस नंबर. आपल्याकडे ग्रामपंचायतीविषयी बोलणं होतं ते निवडणुकीचं, पॅनलचं, कोण पडलं आणि कोण आलं याचं. दप्तर उघडून वाचणारे थोडे. माझं ठाम मत आहे की गावातल्या कितीतरी तक्रारींचं उत्तर त्या लोखंडी कपाटात असतं, आणि ते तिथे नसेल, तर नोंद नसणं हीच खरी तक्रार असते.

नमुना २३ म्हणजे ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. रस्त्याचं नाव, कुठून कुठपर्यंत, लांबी, रुंदी, प्रकार, पूर्ण झाल्याची तारीख, झालेला खर्च, नंतरच्या दुरुस्त्या आणि शेरा, एवढे रकाने. रस्ता प्रत्यक्षात पन्नास वर्षं पायाखाली असेल, पण या वहीत नसेल तर निधी मागताना तो नसल्यासारखाच. आमदारांच्या शिफारशीने ‘पंचवीस-पंधरा’ या लेखाशीर्षातून काम मंजूर करून आणायचं असो की जिल्हा परिषदेकडे प्रस्ताव पाठवायचा असो, ‘तेवीस नंबरचा उतारा जोडा’ हे ठरलेलं. वाट खासगी गटातून जात असेल, तर जमीनमालकाची लेखी संमती किंवा बक्षीसपत्र हाती आल्याशिवाय नोंद करायला ग्रामपंचायत कचरते, आणि ते योग्यच आहे. भावकीत वाद असलेल्या दोन गटांच्या मधली वस्ती वर्षानुवर्षं चिखलातून ये-जा करते, ती बहुधा याच कारणाने.

या वहीतला तारखेचा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ ठिकाणी तो कोरा असतो. त्याचा परिणाम जुन्या गावठाणात डोळ्यांनी दिसतो. एका योजनेतून गल्लीत काँक्रीट पडतं, काही वर्षांनी दुसऱ्या योजनेतून त्याच गल्लीत त्याच्यावर पुन्हा काँक्रीट. आधीचं फोडलं जात नाही, कारण फोडण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरलेला नसतो. गल्ली चढत जाते आणि घरं खाली राहतात. जिथे दोन पायऱ्या चढून ओट्यावर जायचं, तिथे आता रस्त्यावरून एक पायरी उतरून घरात जावं लागतं, आणि पहिल्याच मोठ्या पावसात गटाराचं पाणी उंबऱ्यावरून आत येतं. म्हाताऱ्या बायका दारात मातीच्या गोण्या रचून बसतात. मागचं काम कधी झालं, किती खर्च झाला, हे तेवीस नंबरला नीट लिहिलेलं असतं, तर त्याच गल्लीवर पुन्हा पैसा टाकण्याआधी ग्रामसभेत कुणीतरी हात वर केला असता.

आता घराकडे येऊ. गावातल्या माणसाला घराचा कागद विचारला की तो आठ नंबरचा उतारा काढून देतो. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. मालमत्ता क्रमांक, मालकाचं नाव, भोगवटा करणाऱ्याचं नाव, घराचं वर्णन (दगड-मातीचं, विटा-सिमेंटचं की आरसीसी), क्षेत्रफळ, भांडवली मूल्य, त्यावर घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर. हे कर वसूल करण्यासाठी तयार केलेलं पुस्तक. आठ नंबरला नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. गायरानावर किंवा सरकारी जागेवर बांधलेल्या घरालाही ग्रामपंचायत कर लावू शकते, आणि तो भरल्याने अतिक्रमण कायदेशीर होत नाही. ‘मी वीस वर्षं घरपट्टी भरतोय’ हे वाक्य माणूस तळमळीने बोलतो, पण मालकीच्या दाव्यात त्याला फारसं वजन नसतं.

तरीही गावठाणात पिढ्यान् पिढ्या याच उताऱ्यावर व्यवहार झाले, कारण दुसरा कागदच नव्हता. शेताला सातबारा होता, शहरातल्या घराला मिळकत पत्रिका होती. गावठाणातल्या घराला बहुतेक ठिकाणी यातलं काही नव्हतं. ही उणीव भरून काढायला ड्रोनने गावठाणाची मोजणी करण्याचा प्रयोग पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात आधी झाला. मग २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोन उडण्याआधी प्रत्येक घराच्या, वाड्याच्या, रस्त्याच्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढायची असते. वरून ती रेघ दिसली की नकाशावर हद्द उमटते. त्यानंतर भूमी अभिलेख खात्याकडून चौकशी, मग सनद आणि मिळकत पत्रिका. वाचकांनी लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की या चौकशीत समोर ठेवला जाणारा मुख्य कागद पुन्हा आठ नंबरच असतो. तिथे आजोबांचं नाव तसंच राहिलं असेल, बहिणींची नावं लागलीच नसतील, किंवा भोगवट्याच्या रकान्यात मुंबईला गेलेल्या चुलत्याचं नाव असेल, तर तो घोळ नव्या कागदावर पक्का होऊन बसतो. नावात बदल करायचा तर अर्ज, वारसाचे कागद आणि मासिक सभेचा ठराव लागतो. हे काम मोजणीच्या आधी करून घ्यावं. घर पती-पत्नी दोघांच्या नावाने नोंदवण्याची सोय २००३ पासून आहे. ती वापरणाऱ्या गावांत एकट्या पडलेल्या बाईला घराबाहेर काढणं तेवढं सोपं राहत नाही.

घरपट्टीचा हिशेबही बदलला आहे. पूर्वी ती नुसत्या क्षेत्रफळावर बसायची. ३१ डिसेंबर २०१५ च्या नियमांनी ती भांडवली मूल्यावर आणली. जागेचा आणि बांधकामाचा सरकारी दर, बांधकामाचा प्रकार, घराचं वय आणि वापर यांवरून मूल्य काढायचं आणि त्यावर हजारी दर लावायचा. समजा, मूल्य ४ लाख आणि दर हजारी दीड रुपया, तर घरपट्टी वर्षाला ६०० रुपये. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहामाहीत भरली तर ५ टक्के सूटही मिळते. तरी मार्च उजाडला की कर्मचारी पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरतात आणि लोक ‘आधी गटार करा’ म्हणून परत पाठवतात. लोकांचा राग समजतो. पण ग्रामपंचायतीला मोकळ्या हाताने खर्च करता येतो तो मुख्यतः याच पैशातून, आणि त्यातूनही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढावे लागतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावात भास्करराव पेरे पाटील यांच्या काळात यावर साधा तोडगा निघाला. सगळा कर भरणाऱ्या कुटुंबाला ग्रामपंचायतीच्या गिरणीत दळण फुकट. कराच्या पावतीचा उपयोग रोजच्या पिठात दिसला आणि वसुलीसाठी फिरायची गरज उरली नाही.

दिल्लीहून येणारा पैसा असा मोकळा नसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के बंधित होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. रस्ते आणि बाकीच्या कामांना ४० टक्के. खात्यात पैसे दिसत असताना सरपंच रस्ता का करत नाहीत, याचं एक प्रामाणिक उत्तर हे असू शकतं. दुसरं असं की त्या रस्त्याचं नाव गावाच्या विकास आराखड्यात आलेलंच नसतं. आराखड्याबाहेरच्या कामावर हा पैसा खर्च करता येत नाही, आणि आराखडा ठरतो ग्रामसभेत.

सगळ्यात अवघड परिस्थिती शहराच्या कडेच्या गावांची आहे. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही बाजूने बाहेर पडा. शेताचे प्लॉट पडतात, पाट्या लागतात, ले-आउटच्या नकाशावर नऊ मीटरचा रस्ता आणि हिरव्या रंगात मोकळी जागा दाखवलेली असते. माणसं आयुष्याची पुंजी घालून घर बांधतात. ग्रामपंचायत घराला कर लावते, त्यात दिवाबत्ती कर येतो, पण खांबावर दिवा येत नाही. चौकशी केली की कळतं, विकासकाने रस्ते आणि मोकळी जागा ग्रामपंचायतीकडे रीतसर हस्तांतरित केलेलीच नाही. त्यामुळे रस्ता तेवीस नंबरला नाही, मोकळी जागा जमिनीच्या नोंदवहीत, म्हणजे चोवीस नंबरला नाही. पुढे त्याच मोकळ्या जागेवर एखाद्या रात्री तारेचं कुंपण पडतं. तेव्हा रहिवाशांकडे छापील माहितीपत्रक असतं आणि समोरच्याकडे सातबारा. हा अन्याय मला फार टोचतो, कारण प्लॉट घेतानाच दोन नोंदवह्या पाहिल्या असत्या तर तो टळू शकला असता. अशी गावं पुढे महापालिकेत गेली की गुंता वाढतो. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. ग्रामपंचायत बरखास्त झाली की दप्तर पालिकेच्या ताब्यात जातं, आणि जी नोंद त्या दिवशी नव्हती ती नंतर सिद्ध करत बसावं लागतं.

अतिक्रमणाचं सांगायचं तर गावठाणातल्या रस्त्यावरचं आणि मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीलाच आहे. ओटा दोन फूट पुढे घेणारा बहुधा कुणाचा तरी मतदार किंवा भाऊबंद असतो, त्यामुळे अधिकार कागदावर राहतो. कायद्याने निदान सदस्यांना तरी बांधलं आहे. सरकारी जागेवर अतिक्रमण असलेल्याला किंवा कराची थकबाकी न भरणाऱ्याला सदस्यपदावर राहता येत नाही, आणि कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणात राहणाराही यातून सुटत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मग पुढच्या सभेत मोजकी माणसं पूर्ण गावाचा आराखडा मंजूर करतात. हे सगळं कायद्यात बसतं. म्हणून पहिल्याच सभेला जाऊन बसावं. तिथे मागण्याजोगी आणखी एक वही आहे, मोजमाप वही. ठेकेदार तिला ‘एमबी’ म्हणतात आणि बिल निघतं ते तिच्यावरून. समजा, तिच्यात लिहिलं आहे की गल्ली १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि काँक्रीट १५ सेंटिमीटर जाड, म्हणजे ४५ घनमीटर माल. ताज्या काँक्रीटची कड अजून उघडी असते तेव्हा कुणीही टेप लावून जाडी पाहू शकतो. ती १० सेंटिमीटर भरली, तर पडलेला माल ३० घनमीटर. ‘वरचे १५ घनमीटर कुठे गेले?’ हा प्रश्न ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावा आणि इतिवृत्ताची नक्कल मागून घ्यावी.