निकालाचा रकाना

आजोळच्या माळ्यावर सापडलेली एक वही गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर 'जिल्हा कुलाबा' एवढंच वाचता येतं, नाव वाळवीनं खाल्लंय. मामाच्या मते ती पणजोबांची. भाताचं येणं-देणं, बैलांच्या किमती, आणि मध्येच चार पानं दंशावरच्या उपायांची. पावसात सावित्री फुगली की महाड तुटायचं. मग जे काही करायचं ते परसातल्या झाडपाल्यावर.

गांधीलमाशीला लोखंड उगाळून लावावं, मधमाशीचा काटा आधी काढावा, गोम चावली तर कांद्याचा रस. हे सगळं घरोघरी ठाऊक असलेलं, आणि बहुतेक निरुपद्रवी. विंचवाला मात्र दीड पान दिलंय. आघाड्याचं मूळ. नवसागर आणि चुना एकत्र चोळून हुंगणं. चिंचोका दगडावर घासायचा आणि पांढरा भाग दिसला की दंशावर धरायचा. तो चिकटतो, विष 'ओढतो' आणि गळून पडतो. खाली रेघ मारून लिहिलंय : कळ थांबली म्हणजे उतरला. ही रेघ लक्षात ठेवा.

हल्ली कोकणात जागा घेऊन स्वयंपूर्ण राहायला येणारी मंडळी या पानांचे फोटो मागतात. मी पूर्वी हौसेनं द्यायचे. कीर्तिकर-बसू वाचायला लागले आणि हात आखडला.

कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बामनदास बसू यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १९१८ साली अलाहाबादहून निघाला. मी वाचत होते ती १९३० नंतरची सुधारित आवृत्ती. आघाड्यासाठी उघडली आणि महिनाभर अडकून पडले, ते एका पालुपदामुळे. वनस्पतीचं वर्णन येतं, कोणत्या प्रांतात ती कशावर देतात ते येतं, सापावर, विंचवावर देतात असंही येतं. आणि शेवटी कोरडी पुस्ती : सर्पदंशावर निरुपयोगी, म्हसकर आणि कायस, विंचूदंशावर निरुपयोगी, कायस आणि म्हसकर. पुढची वनस्पती, पुन्हा तेच. साप असला की म्हसकर आधी, विंचू असला की कायस आधी. दोघांनी कामाबरोबर मानही वाटून घेतलेला दिसतो!

डॉ. कृष्णाजी श्रीपाद म्हसकर आणि जेझुइट धर्मगुरू जे. एफ. कायस ही जोडी आपण पार विसरलो आहोत. मद्रास इलाख्यातल्या अंकुशकृमींच्या पाहणीत दोघांनी जंतांवरची औषधं तपासली होती. मग परळच्या हाफकिन संस्थेत सर्पदंशावरची देशी औषधं एकेक करून पारखली. तीनशेहून जास्त वनस्पती, शिवाय मिश्रणं वेगळी. १९३१ साली अहवाल छापला : एकीनंही विषाला उतारा मिळत नाही. पुढच्याच वर्षी भारतीय विंचवांवरचा शंभर पानांचा प्रबंध. आयुर्वेदाची टिंगल करायला कोणी इतके कष्ट घेत नाही. काहीतरी सापडेल या आशेनंच माणूस तीनशेव्या झाडापर्यंत जातो, असं मला वाटतं. सापडलं नाही, आणि 'नाही' हेही त्यांनी तितक्याच निगुतीनं छापलं.

मग चिंचोक्यानं बरे झालेले लोक खोटं बोलत होते का? नाही. काळ्या इंगळीचा दंश ब्रह्मांड आठवायला लावतो, पण सहसा जीव घेत नाही. लाल विंचू चावलेल्यांतलेही बरेच जण आपले आपण सावरतात. विंचू उतरवणाऱ्याला यश फुकट मिळतं. एकनाथांचं भारूड ज्या मुलखात पाठ असतं, तिथे अपयश लिहून कोण ठेवणार? वहीत निकालाचा रकाना का नाही, असं मी मामाला विचारलं. तो म्हणाला, "अगं, जे गेले ते सांगायला आले का?"

हा रकाना भरला गेला तो आजोळापासून हाकेच्या अंतरावर. १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट मुलं फुप्फुसात पाणी होऊन डोळ्यांदेखत जात होती. डॉक्टरांच्या हातात तरी काय होतं? अॅट्रोपिन, स्टिरॉइड, गुंगीच्या औषधांचं मिश्रण. खरं सांगायचं तर तोही इंजेक्शनातला चिंचोकाच. बावस्कर रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसले आणि लिहीत राहिले : किती वाजता उलटी, घाम कधी, हातपाय गार कधी पडले, रक्तदाब किती चढला. १९८२ साली ही लक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली.

विषामुळे नसांमधली सोडियमची दारं मिटेनाशी होतात, शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकतं. हा आवळ सोडवणारी गोळी बाजारात होतीच. रक्तदाबाची, स्वस्त, नाव प्राझोसिन. तिचे निष्कर्ष १९८६ साली त्याच नियतकालिकात आले. गंभीर रुग्णांत शंभरात तीस-चाळीस जण दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०११ साली त्यांनी दाखवलं की प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. ते प्रतिविष हाफकिनचंच.

आता ती रेघ. बावस्करांच्या नोंदींत एक गोष्ट अशी की, ज्यांच्या अंगात विष भिनतं त्यांना दंशाच्या जागी अनेकदा फारशी कळ नसते. रुग्ण सावरायला लागला की ती परत येते. म्हणजे पणजोबांच्या वहीप्रमाणे 'उतरला' म्हणून ज्याला झोपवलं, त्यातला एखादा नेमका मरणाच्या वाटेवर असणार. ते पान मी आता उघडते तेव्हा पोटात गोळा येतो.

फोटो मी अजूनही पाठवते. फक्त त्या रेघेखाली पेन्सिलनं लिहिलेल्या माझ्या ओळी त्यात दिसतील असा काढते : चावल्याची वेळ लिहून ठेवा. उलटी, दरदरून घाम, गार हातपाय यांतलं काहीही दिसलं, किंवा चावलेलं माणूस लहान मूल असलं, तर कळ असो-नसो, गाडी काढा. आणि नव्या घरात राहायला जाण्याआधी जवळच्या दवाखान्यात विचारून या, प्राझोसिन ठेवता का.